आण्णांना सातबारा येतो, मला येत नाही

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला 3 ऑक्टोबर 2024 ला, तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एक यादी फिरतेय. अमका शब्द फारसी, तमका इंग्रजी, हा वापरू नका त्याऐवजी हा वापरा, आणि सगळ्यात खाली 'प्लीज फॉरवर्ड करा'. चालायचंच.

मला त्या यादीचा राग नाही येत, कंटाळा येतो. कारण त्यात धरलेलंच असतं की मराठी म्हणजे एक काहीतरी आहे आणि ती एकतर शुद्ध आहे नाहीतर नासलेली. आणि मी गेले काही महिने पुणे ते तासगाव अशा खेपा घालतेय, बाबांच्या मागे जमिनीला वारस लावायचं काम चाललंय, त्यात मला इतक्या मराठ्या भेटल्यात (हो, अनेकवचन, असू दे) की यातली नक्की कुठली वाचवायचीय ते आधी सांगा असं त्या यादीवाल्याला विचारावंसं वाटतं. पण तो माझा मामेभाऊच आहे, त्यामुळे गप्प.

तर सातबारा, म्हणजे जमिनीचा उतारा. मी इंजिनियर, मराठी मिडियमची, दहावीला मराठीत चांगले मार्क वगैरे. आणि आमचे आण्णा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, सातवीत शाळा सोडलेले. उतारा हातात आला की मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागते आणि तिसऱ्या ओळीला अडकते. आण्णा चष्मा लावतात, दोन ठिकाणी बोट ठेवतात आणि सांगतात, "इतर हक्कात अजून सोसायटीचा बोजा दावतोय बग. फिटलाय कवाच. दाखला आणून कमी करून घ्याय पायजे. आन पोटखराबा जास्त लावलाय का बग." मी बघते. मला काय कळणार, मी फक्त बघते.

ज्यांचा जमिनीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, सातबारा हा एक कागद नाहीच मुळात, गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 असे दोन नमुने एकाखाली एक जोडलेत. सातमध्ये मालक कोण, हक्क कोणाचे, बोजा म्हणजे जमिनीवरचं कर्ज कसलं, पोटखराबा म्हणजे न पिकणारी जमीन किती, आणि बारामध्ये पीक काय. मालकी बदलली की त्याची नोंद नमुना 6 मध्ये, त्याला म्हणायचं फेरफार. खात्याचा गोषवारा पाहिजे असेल तर आठ अ. गावातली माणसं 'आठ अ काढून आण' हे 'दूध घेऊन ये' इतक्या सहज म्हणतात. नावामागे ए.कु.मॅ. असेल तर एकत्र कुटुंब मॅनेजर, हा मॅनेजर कधी शिरला कोण जाणे पण त्याला कुणी काढत नाही. अ.पा.क. असेल तर अज्ञान पालनकर्ता, म्हणजे खातेदार लहान आहे आणि त्याच्या वतीने मोठं माणूस बघतंय. माझा चुलतभाऊ कितीतरी वर्षं त्या उताऱ्यावर अज्ञान होता, आता दोन पोरांचा बाप झालाय तरी नाव तसंच, घरात सगळे त्यावरून चिडवतात, आणि शेरा कमी करायला अर्ज करायचा म्हटलं की 'बघू पुढच्या महिन्यात'.

आणि नाव कमी होतं तेव्हा त्याला कंस पडतो. बाबांच्या नावाला कंस पडला, असं आण्णा फोनवर म्हणाले. मी ऑफिसात होते.

कागदावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये. बोलताना एकर आणि गुंठा. 40 गुंठ्यांचा एकर, आणि एक आर म्हणजे जवळपास एक गुंठाच, त्यामुळे आण्णा 0.40 बघून डोक्यातल्या डोक्यात 'एकरभर' म्हणून पुढे जातात. भाऊबंदकी एकराच्या भाषेत होते आणि निकाल हेक्टरच्या भाषेत लागतो, कुणाला काही अडचण नाही. अडचण मला, कारण मी दोन्हीत कच्ची.

यावरून एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. आपण म्हणतो ना सरकारी मराठी अवघड आहे, सामान्य माणसाला कळत नाही, त्यातला सामान्य माणूस कोण? बोजा, मयत, वारस, खातेफोड, कब्जेदार, तगाई हे सगळं आण्णांना पाठ आहे, कारण या शब्दांवर त्यांचं पोट आहे. न कळणारी मी आहे, शहरात राहून पुस्तकं वाचणारी.

जुने शब्द काढून नवे घाला हा प्रयोग आज सुरू झालेला नाही. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमाराला रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, कारभारातले फारसी शब्द आणि त्यांना संस्कृत प्रतिशब्द, जवळपास चौदाशे शब्द. केवढं मोठं काम, त्या काळात. पण महसुलातली फारसी काही हलली नाही. तहसील, जमाबंदी, पंचनामा, मौजे, साडेतीनशे वर्षं झाली, आहेत तिथेच आहेत. मग महाराष्ट्र झाल्यावर 1960 साली भाषा संचालनालय, 1962 चा पदनाम कोश, ज्याला तेव्हा 'बदनाम कोश' म्हणून हिणवलं गेलं, आणि 1964 चा राजभाषा अधिनियम. त्यातून जिल्हाधिकारी आला, पण गावात कलेक्टरच. उपविभागीय अधिकारी आले, आण्णांसाठी ते 'प्रांत'. मंडळ अधिकारी म्हणजे सर्कल. 2024 मध्ये तलाठी या पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं. मी एकदा मुद्दाम आण्णांपुढे तो शब्द वापरला, तर त्यांनी विचारलं, "ह्यो कोण नवीन आलाय?"

नवे शब्द रुजत नाहीत असं मात्र अजिबात नाही. महापौर सावरकरांचा, तो आता कुणाला घडवलेला वाटतो का? मला वाटतं जिथे वस्तू किंवा पदच नवीन असतं तिथे नवीन शब्द पटकन बसतो, आणि जिथे माणसांचं देणंघेणं आधीच एका शब्दाला अडकलेलं असतं तिथे तो शब्द सोडायची भीती वाटते. बोजा ऐवजी कुणी 'भार' लिहिलं आणि उद्या बँक म्हणाली हे ते नव्हेच, तर? शेतकरी अशा ठिकाणी भाषेचा प्रयोग करत नाही.

आता खरेदीखताची भाषा घ्या. आमच्याकडे आजोबांनी जमीन घेतलेला एक जुना दस्त निघाला. त्यात सुरुवातच 'कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे' आणि मग एक वाक्य सुरू होतं ते पानभर संपत नाही. चतुःसीमा, पूर्वेस कोण पश्चिमेस कोण, आणि मग 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप' यांच्यासह जमीन दिली. मला हे वाचून इतकं भारी वाटलं! पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, आणि उद्या खाली पुरलेला हंडा सापडला तर तोही. जुन्या इनामपत्रांमधून हे असंच्या असं उतरत आलंय. वाचताना काव्यासारखं वाटतं पण लिहिणाऱ्याला काव्याशी घेणं नव्हतं, त्याला पळवाटा बुजवायच्या होत्या. उद्या विकणारा येऊन म्हणायला नको की जमीन दिली पण त्यातली बाभळ माझी. वाक्य संपवत नाहीत तेही त्यासाठीच, असं एका दस्तलेखकाने मला सांगितलं, पूर्णविराम दिला की मध्ये काहीतरी घुसवायला जागा होते. खरं खोटं त्याला माहीत.

म्हणजे ही भाषा कळायला अवघड पण काम चोख, माणसाला बांधून घालते. नाव, वय, धंदा, राहणार, आणि सगळ्यात शेवटी 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दबावास बळी न पडता'.

आणि इथेच माझी गाडी अडते. कारण हेच वाक्य हक्कसोडपत्रात पण असतं. माझ्या दोन्ही आत्यांनी आजोबांच्या मागे हक्कसोड दिलं होतं. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि मग देशाच्या कायद्याने 2005 मध्ये मुलीला मुलासारखा वाटा दिला, हे आत्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे बोलायची भाषा वेगळी असते. 'माहेर तुटायला नको', 'दिवाळीला यायचंय ना', 'चोळीबांगडी तर करतोयच की आपण'. ही सगळी बोलणी स्वयंपाकघरात झाली, आमच्या गावच्या बोलीत, प्रेमाने, आणि मग तालुक्याला जाऊन कागदावर ती 'राजीखुशीने' अशी उतरली. थोरली आत्या सांगते की रजिस्ट्रारसमोर विचारलं, खुशीने देताय ना, तर ती हो म्हणाली. खोटं पण नव्हतं ते. पण 'खुशी' या एका शब्दात जे काय काय कोंबलं गेलं ते दस्तात कुठल्या रकान्यात लिहिणार? चतुःसीमा लिहायला जागा आहे, याला नाही.

(मी सही करणार का, असं विचारून झालंय सगळ्यांचं. नाही. आण्णांना सांगितलंय, ते काही बोलले नाहीत, उलट वारसांच्या यादीत माझं नाव नीट लागलंय का ते त्यांनीच दोनदा बघितलं. हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे.)

याच्या बरोबर उलटी भाषा म्हणजे शासन निर्णयाची. शासन निर्णय म्हणजे जीआर, त्याला जीआर न म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही, मराठीच्या वापराबद्दलच्या शासन निर्णयाला पण लोक जीआरच म्हणतात. या भाषेत कोणी काही करतच नाही. सगळं 'करण्यात येतं'. 'असे निदर्शनास आले आहे', कोणाच्या? 'कार्यवाही करण्यात यावी', कोणी? 'यथावकाश कळविण्यात येईल', केव्हा? शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने', म्हणजे सही अवर सचिवांची असली तरी बोलतंय कोण तर राज्यपाल. दस्ताची भाषा आणि ही भाषा दिसायला सख्ख्या बहिणी वाटतात, दोन्हीत लांब वाक्यं, दोन्हीत जडजड शब्द, पण एक माणसाला नाव वय धंद्यासकट खुंटीला बांधते आणि दुसरी करणाऱ्यालाच वाक्यातून उडवून लावते. म्हणून मला 'सरकारी मराठी सोपी करा' ही मागणी अर्धवट वाटते. समजा सोपं करून लिहिलं, 'तुमच्या अर्जाचं काम लवकर केलं जाईल'. कळलं सगळं. कोण करणार ते आता तरी कळलं का?

आणि सोपी भाषा निरुपद्रवी असते असं तर मुळीच नाही, त्यासाठी पोलिसातला जबाब ऐका. आमच्या वाडीतल्या एका बाईंचं बांधावरून भांडण झालं, दीर अंगावर धावून आला, मारलं पण. मी त्यांच्यासोबत गेले होते. त्या बोलायला लागल्या की काय काय झालं, सकाळी पाणी सोडलेलं, मोटर कुणी बंद केली, त्याने कुठली शिवी दिली, ती शिवी त्यांच्या आईवरून होती आणि आई महिन्यापूर्वीच गेलेली, म्हणून त्यांनी हातातली घागर त्याच्या दिशेने ढकलली आणि मग त्याने केस धरले. हे सगळं रडत, मध्येच थांबत, आपल्या बोलीत. आणि लिहिलं काय गेलं? 'मी समक्ष हजर राहून जबाब लिहून देते की', मग 'सदर इसमाने शेतीच्या बांधाच्या कारणावरून शिवीगाळ व दमदाटी करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली'. यात एक शब्द अवघड नाही. पण शिवी कुठली होती ते गेलं, आई गेली, केस धरलेले गेले, आणि त्यांना लाथ कोणी मारलीच नव्हती ती मात्र आली! कारण लाथाबुक्की हा जोडीनेच येतो, एकटी बुक्की लिहायची पद्धत नाही. पुढे कोर्टात समोरचा वकील विचारणार, लाथ कुठल्या पायाने मारली सांगा. आणि प्रकरण वर गेलंच, तर जिल्हा पातळीपर्यंत मराठी चालते, हायकोर्टात इंग्रजी, तिथे त्याचं 'किक्स अँड फिस्ट ब्लोज' होणार. बाईंची मूळ गोष्ट तोवर तीन भाषांमधून गाळून गेलेली असेल.

फिर्याद लिहून झाली की ती फिर्याद देणाऱ्याला वाचून दाखवली पाहिजे आणि एक प्रत फुकट दिली पाहिजे, हे कायद्यातच आहे, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173. आम्ही वाचून दाखवायला सांगितलं. वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "हे कुनी मला मारलं?" शेवटी लाथ काढली आणि केस घातले. शिवी काही लिहिली गेली नाही, म्हणे असलं कागदावर नसतंय. तिथले हवालदार माणूस वाईट नव्हते, त्यांना ती एकच लेखी मराठी येत होती आणि त्यांच्या साहेबांना पण तीच लागते.

बाजाराची भाषा अजून निराळी. सांगलीला पूर्वी हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. अडत्या आणि घेणारा हातावर रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव ठरायचा, तोंडाने ब्र नाही. याला हत्ता पद्धत म्हणायचे. ज्याची हळद तो शेतकरी पोत्याशेजारी उभा, आणि आपल्या मालाची बोली आपल्यासमोर चाललीय ती त्याला ना ऐकू येतेय ना दिसतेय. मग बाजार समित्यांच्या नियमांनी उघड लिलाव आणला. जनावरांच्या बाजारात मात्र उपरण्याखालचा हात आण्णांनी भरपूर बघितलाय, ते म्हणतात त्यात पण एक मजा असायची, पण हे ते बैल घेणारे म्हणून सांगतात, विकणाऱ्याला विचारायला पाहिजे. तोंडी गुप्त भाषा पण होती, नंदभाषा. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात तिची नोंद आहे, केवली म्हणजे एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. गिऱ्हाईकासमोर दोन दलाल खुशाल आकडे बोलत बसणार आणि गिऱ्हाईक पान चघळत ऐकणार. आपण लहानपणी च ची भाषा बोलायचो, र्फ ची बोलायचो, तीच युक्ती, फक्त इथे त्यावर पैसे होते. कोडिंगवाल्या मित्रांना सांगितलं तर म्हणाले एन्क्रिप्शन. तेच की.

घरच्या बोलीबद्दल खूप जणांनी लिहून झालंय, पाणी की पानी यावरून पुण्यात माझं जे काय व्हायचं ते झालं, मी आता मीटिंगमध्ये एक बोलते आणि आईला फोन केला की दुसरं, आणि याचं मला काही वाटेनासं झालंय. फक्त एवढंच की वर लिहिलेल्या सगळ्या कागदी भाषांमध्ये आत जाणारा कच्चा माल या बोलीतलाच असतो आणि बाहेर येताना तिचा पत्ता नसतो.

लिपीचं तर विचारूच नका. आजोबांच्या दस्ताच्या आधीचा एक कागद मोडीत आहे. मोडी शाळेतून जाऊन सत्तरएक वर्षं झाली, घरात कुणालाच येत नाही, तो कागद पत्र्याच्या ट्रंकेत देवासारखा ठेवलेला. मग 2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि एकदम मोडी वाचणारी माणसं हवी झाली, मराठवाड्यात निजामाच्या वेळची उर्दू कागदपत्रं वाचणारे पण. जी लिपी छंद म्हणून, इतिहासाची आवड म्हणून चार लोक शिकत होते, तिच्यातल्या एका ओळीवर कुणाचं जातप्रमाणपत्र, म्हणजे पुढे शिक्षण आणि नोकरी, ठरायला लागलं. कुठली भाषा मेली हे जाहीर करायची घाई करू नये असं मला तेव्हा वाटलं. आमचा कागद पण वाचून घेतला, त्यात निघाली सारा भरल्याची पावती. आण्णा जरा हिरमुसले.

सध्या वारसनोंदीची नोटीस निघालीय, हरकतीचे 15 दिवस चाललेत, मग सर्कल नोंद मंजूर करतील. 'मंजूर' म्हणायचं, 'प्रमाणित' कागदावर असतं. त्यानंतर मोजणी. मोजणीच्या अर्जात पूर्वी प्रकार असायचे साधी, तातडी, अतितातडी आणि अतिअतितातडी, खरंच, थट्टा नाही, फीप्रमाणे अति वाढत जायचे. डिसेंबर 2024 पासून ते गेले, आता दोनच, नियमित आणि द्रुतगती. मी आण्णांना फोनवर विचारलं कुठला भरू, द्रुतगती भरू का. ते म्हणाले, "म्हंजे अति का अतिअति?"

नियमित भरायचं ठरलंय. द्रुतगतीची फी जास्त आहे.